दुसऱ्या डोसाची पंगत

दोन हजार एकवीसच्या मे महिन्यात मी दारावर एक पाटी लावली. 'दुसरा डोस घेतला का, असे विचारू नये. अपमान होईल.' कोथरूडमध्ये अशा पाटीचं कोणाला नवल वाटत नाही. लोक वाचतात, हसतात आणि बेल वाजवतात. त्या दिवसांत मात्र बेल वाजवायला कोणी येतच नव्हतं. माझी बायको ललिता जाऊन चार वर्षं झाली होती. मुलगी पूर्वा बेंगळुरूला अडकली होती. सोसायटीतली माणसं जिन्यात दिसली तर भिंतीला चिकटून उभी राहायची. पाटी वाचणारे काय ते एकटे भीमराव. ते खालच्या मजल्यावर राहायचे, महापालिकेच्या आरोग्य खात्यातून निवृत्त झाले होते आणि आता लसीकरण केंद्रावर फुकट राबत होते.

दिवसभरात माझ्याशी माणसासारखं बोलणारं दुसरं कोणी असेल, तर ते नेपाळात होतं. बद्रीनाथ. दुपारी चारला त्याचा फोन यायचा. बाकीचा सगळा दिवस मी त्या फोनची वाट बघत काढतो, हे मी त्याला कधी कळू दिलं नाही. शेफारला असता.

बद्री आणि मी पुण्याच्या शेतकी कॉलेजात एका खोलीत राहिलो. मी वाईचा, तो बुटवलचा. मराठी तो खाणावळीत शिकला. त्यामुळे त्याला 'वाढा', 'पुरे' आणि शिव्या आधी आल्या, बाकीची भाषा सवडीनं आली. खाणावळ सीतारामपंतांची, नारायण पेठेत. पाटावर बसून पंगत असायची. पंगतीतल्या शेवटच्या ताटात भात पडल्याशिवाय आपण घास उचलायचा नाही, ही माझ्या आईची शिकवण, आणि मी ती पुण्यातही सोडली नाही. बद्री बहुधा शेवटचा यायचा. माझं वरण निवायचं, पण मी थांबायचो.

रविवारी संध्याकाळी खाणावळ बंद. पुण्यातल्या सगळ्याच खाणावळींची ती रीत होती. पोरं खिसा बघून बाहेर कुठेतरी खायची. बद्रीचे घरचे पैसे कधी वेळेवर यायचे नाहीत. पण रविवारी विचारलं की गडी लगेच म्हणायचा, "जेवलो रे मी. मटकीची उसळ होती, जरा तिखट होती. पाव ताजे होते." एका रविवारी मी लवकर परत आलो, तर हा नळाखाली ओंजळ धरून पाण्यानं पोट भरत होता. मी त्याला असा झापला की वॉर्डन बघायला आले. त्या दिवसापासून माझा नियम ठरला. तू माझ्यासमोर घास घ्यायचा, मग मी. आणि एक गोष्ट मी मनाशी नोंदवून ठेवली. बद्री खरं बोलायचा तेव्हा दोन शब्दांत बोलायचा. खोटं बोलायचा तेव्हा मेनू सांगायचा.

पुढे तो बुटवलला गेला, मी कृषी खात्यात चिकटलो. लग्नं झाली, मुलं झाली. दोघांच्या बायका गेल्या. त्याचा मुलगा नवराज काठमांडूला नोकरीला होता. म्हणजे इकडे मी एकटा आणि तिकडे तो.

मार्चमध्ये त्यांच्याकडे पासष्टीच्या पुढच्यांना लस द्यायला सुरुवात झाली. बद्री घाबरत होता. त्याच्या गल्लीत कोणीतरी काहीतरी उठवून दिलं होतं.

मी म्हटलं, "अरे गाढवा, ही लस आमच्या पुण्याची आहे. मांजरी गावात जाऊन द्राक्षं चोरली होतीस ना, त्याच रस्त्याला बनते. मी कालच घेतली. काही होत नाही."

"मग दुसरी?"

"दुसरीची जबाबदारी माझी," मी म्हटलं. जणू कारखाना माझ्या वडिलांचा होता.

दोन दिवसांनी त्याचा फोन आला. इतका खूश मी त्याला कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. "बाळ्या, घेतली. बाटलीवर पुणं लिहिलंय रे." त्यानं चष्मा लावून नर्सला ती बाटली दाखवायला लावली होती म्हणे. मग दोघांनी बेत ठरवला. दोन्ही डोस झाले की त्यानं गोरखपूरहून गाडी पकडायची आणि गणपतीला पुण्यात यायचं. दगडूशेठचं दर्शन, आप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांची चाळवाचाळव, आणि नंतर काही काम न करता बसून राहायचं. मी मागच्या खोलीतली गादी पिंजून घेतली. त्याला खिडकीशी झोपायची सवय, म्हणून पलंग खिडकीशी सरकवला. एकट्यानं सरकवला, तर आठवडाभर कंबर धरली होती.

मग आपल्या सरकारनं ठरवलं की आधी देशातल्या माणसांना. लस बाहेर पाठवणं थांबलं.

यात चूक काय, असं कोणी मला विचारलं तर मला उत्तर देता येत नाही. एप्रिलमध्ये पुण्याची काय दशा होती ती मी खिडकीतून ऐकत होतो. ॲम्ब्युलन्सचा आवाज थांबला की उलट भीती वाटायची. जिथे लस बनत होती त्या गावातही लोक पहाटेपासून रांगा लावून 'आज साठा नाही' वाचून परत जात होते. घरात आग लागलेली असताना शेजाऱ्याला पाणी कोण देणार? हे सगळं मला कळत होतं. पण बुटवलमध्ये एक म्हातारा अर्धवट वाढलेल्या ताटावर बसला होता, आणि त्याला पंगतीला बोलावणारा मी होतो. याची मला शरम वाटायची. रोज चार वाजता वाटायची.

"आली का रे तुझी दुसरी?" मी विचारायचो.

"नाही आली," तो म्हणायचा. दोन शब्द.

पहिल्या नि दुसऱ्या डोसातलं अंतर आमच्याकडे वाढवलं, म्हणून माझी पाळी मेच्या अखेरीस गेली. मी बद्रीला सांगून टाकलं, तू घेतल्याशिवाय मी घेणार नाही. तो हसला. मग त्याच्या लक्षात आलं की मी थट्टा करत नाहीये, आणि त्यानं मला ठेवणीतली मराठी ऐकवली. मी बधलो नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व.

पूर्वा फोनवर रडली. "बाबा, हे कोणाविरुद्ध आहे? सरकारला माहीत तरी आहे का तुम्ही उपोषणाला बसलाय ते?"

"सरकारसाठी नाहीच आहे ते," मी म्हटलं.

भीमराव दाराबाहेर उभे राहून मास्कमधून म्हणाले, "बाळासाहेब, पाटी छान आहे. अक्षर वळणदार आहे. पण तुम्ही न घेतलेला डोस नेपाळला जात नाही. तो इथेच कोणाच्या तरी दंडात जातो."

"जाऊ दे की. त्याला लागू पडेल."

"आणि तुम्हाला काही झालं तर तुमच्या मित्राला किती बरं वाटेल, नाही?"

मी दार लावून घेतलं. त्यांचं खरं होतं, म्हणूनच लावलं.

खरं सांगायचं तर त्या हट्टाचा मला आधार होता. रिकाम्या घरात माणसाला काहीतरी धरून बसायला लागतं. मी आणि बद्री एकाच गोष्टीसाठी थांबलोय, एवढ्यानं ते घर थोडं भरल्यासारखं वाटायचं.

जून संपत आला होता. एके दिवशी चारचा फोन साडेतीनलाच आला.

"बाळ्या, घेतली! दुसरी घेतली रे."

"काय सांगतोस? कधी?"

"आज सकाळी. रांग अजिबात नव्हती. नर्स फार चांगली होती, हात एकदम हलका. सुई कळलीसुद्धा नाही. नंतर बाकावर बसवलं आणि चहा दिला, आलं घातलेला, जरा गोड होता. आता तू उद्याच्या उद्या जा. गेला नाहीस तर मी गणपतीला येणार नाही."

मला इतका आनंद झाला की मी उभ्या उभ्या फोन दुसऱ्या कानाला लावला आणि त्याला सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. त्यानं सांगितलं. नर्स, बाक, चहा, आलं. मी प्रत्येक शब्द ऐकला आणि मला काहीही ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी पाटी काढली. भीमरावांच्या स्कूटरवर मागे बसून केंद्रावर गेलो. ते काही बोलले नाहीत, हे त्यांचे उपकार. संध्याकाळी बद्रीला दंडावरच्या कापसाचा फोटो पाठवला. त्यानं लिहिलं, 'शाब्बास.' तो नुसता शाब्बास म्हणाला, यावरून तो मनापासून म्हणाला होता हे आज मला कळतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी चारचा फोन आला नाही. मी केला, उचलला गेला नाही. पाऊस असेल, लाइन गेली असेल, नवराज आला असेल. मी स्वतःला एकेक कारण पुरवत राहिलो. माणूस एकटा असला की स्वतःची समजूत काढण्यात तरबेज होतो. आठवडा गेला. मी चार वाजता फोन समोर ठेवून बसायचो आणि पाच वाजता उठून उगाच मागच्या खोलीतली चादर झटकायचो.

मग नवराजचा फोन आला. तो हिंदीत बोलत होता. काका, बाबा गेले. ताप आला, मग धाप लागली, दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला. शेवटपर्यंत फोन उशाशी होता, पण बोलायला दम नव्हता.

मी म्हटलं, "पण दोन्ही डोस झाले होते त्याचे."

"दोन्ही? नाही काका. दुसरी इथे कोणालाच मिळाली नाही अजून. बाबांच्या वयाचे सगळेच थांबलेत. कधी येईल तेही कोणी सांगत नाही."

मी बरं म्हटलं. काळजी घे म्हटलं. फोन ठेवला आणि तसाच बसून राहिलो. मग मात्र सगळं ऐकू आलं. रांग नव्हती. हात हलका. आलं घातलेला चहा, जरा गोड. एवढ्या वर्षांनी त्यानं मला तसंच फसवलं होतं आणि मी तसाच फसलो होतो. मी त्याला मोठ्यानं शिवी दिली, त्याच्याच आवडीची. कोणी ऐकायला नव्हतं. मग मी पुष्कळ रडलो.

ऑगस्टमध्ये भीमरावांनी पेपरातली बातमी दाखवली. नेपाळात थांबलेल्या म्हाताऱ्यांसाठी जपानहून लस पोचली होती. "उशिरा का होईना, आली," ते म्हणाले. माझ्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनी पेपर घडी करून काखेत धरला. आमची दोस्ती तिथून जमली, असं म्हणायला हवं. पण भीमरावांचं घर भरलेलं आहे, नातवंडं आहेत. ते येतात, दारात उभे राहतात, आणि त्यांना खालून हाक येते.

पलंग अजून खिडकीशी आहे. मला तो एकट्यानं परत सरकवता येत नाही, आणि कोणाला सांगावंसंही वाटत नाही.

मी रविवारी संध्याकाळी स्वयंपाक करत नाही. होत नाही माझ्याच्यानं. परवाच्या रविवारी भीमराव वर आले. त्यांच्या सूनबाईंनी काहीतरी केलं होतं.

"जेवलात का बाळासाहेब? नाहीतर खाली या. पानं घेतलीच आहेत."

खाली त्यांची पोरंबाळं ताटाभोवती बसलेली असणार, आणि माझ्यासाठी सगळी पंगत थांबणार.

"जेवलो की," मी म्हटलं. "मटकीची उसळ केली होती. जरा तिखट झाली. पाव ताजे मिळाले."

"मग ठीक," ते म्हणाले, आणि जिना उतरून गेले.