तहाची खरी जागा

आमच्या जिल्ह्यातला सगळा इतिहास रस्त्याच्या कडेला घडला आहे. लढाया, तह, राजांचे मुक्काम, एका कवीचं आजारपणसुद्धा. कारण सोपं आहे: वारसा खातं आपल्या पाट्या जिथे गाडी उभी करता येते तिथेच रोवतं. त्या पाट्या मीच रंगवते, म्हणून मला पक्कं ठाऊक. आडरानात चिखलात मोठमोठी माणसं मेली असतील, पण त्यांना कोण पाटी लावतो?

माझ्या आत्याची खानावळ अशाच एका पाटीवर चालायची. ‘येथील पुलावर दोन सैन्यांमध्ये तह झाला.’ पूल नव्हता, ओढाही नव्हता. होती ती ऐसपैस मोकळी जागा आणि समोर आत्या. लोक गाडीतून उतरायचे, पाटी वाचायचे, इकडेतिकडे पूल शोधायचे आणि सापडला नाही की चहा मागायचे. नवरा गेल्यावर आत्याने एवढ्यावर घर चालवलं.

मास्तरांना हे बघवत नव्हतं. मास्तर म्हणजे निवृत्त इतिहासशिक्षक, खानावळीलगतच्या शेतापलीकडे एकटेच राहणारे, नाकावर राग आणि जिभेवर दुरुस्ती. पूल ओढ्यावर असतो, ओढा माझ्या घरामागे आहे, तेव्हा तह माझ्या घरामागे झाला, हे त्यांनी खात्यातल्या प्रत्येक साहेबाला ऐकवलं. साहेब बदलत गेले, मास्तर काही बदलले नाहीत. शेवटी गळ्यात मोजणीचं यंत्र अडकवलेले नवे साहेब आले आणि त्यांना ते पटलं. पाटी हलवायचा हुकूम निघाला. ती उपटून मास्तरांच्या परसात रोवायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं.

म्हणजे आत्याच्या पोटावर पाय द्यायचा तो मीच. मी मुसमुसत पहार घेऊन गेले, तर आत्या दारात कमरेवर हात ठेवून उभी.

“रडतेस काय गं? ने ती पाटी. आणि तुझा उरलेला रंग आण, मला एक छोटी पाटी करून दे.”

तिने सांगितलं तसं मी लिहिलं: ‘तहाची जागा शेतापलीकडे. गाडी इथेच लावा, पुढे रस्ता नाही. परत याल तेव्हा जेवण तयार असेल.’

पहिली माणसं मास्तरांच्या परसात शिरली तेव्हा ते काठी घेऊन धावतील अशी माझी खात्री होती. मजा बघायला मी मुद्दाम थांबले. पण त्या घोळक्यातल्या एका बाईने विचारलं, “आजोबा, मग यात जिंकलं कोण?”

झालं! निवृत्तीनंतर त्यांना कोणी काही विचारलंच नव्हतं. त्यांनी सगळ्यांना मागच्या पायरीवर बसवलं आणि दोन्ही सेनापतींच्या पणजोबांपासून सुरुवात केली. लोक शेत तुडवत परत आले ते भुकेने कासावीस होऊन. आत्या पुढ्यात ठेवेल ते त्यांनी मुकाट्याने खाल्लं, वर आणखी मागितलं.

असं रोज व्हायला लागलं. मास्तर इस्त्रीचा सदरा घालायला लागले. ओढ्यावर पूल कुठे होता ते हातवारे करून दाखवायला लागले. आत्याकडे बसायला बाकं पुरेनात, आणि संडासापुढची रांग तर थेट रस्त्यापर्यंत. म्हणून आत्याने स्वयंपाकघरामागे नवा संडास बांधायला काढला.

खड्डा कमरेइतका झाला आणि कुदळ खणकन वाजली. खाली घडीव दगड, त्याला धरून वळत गेलेली कमान, आणि कमानीखाली नदीतल्यासारखे गुळगुळीत गोटे. जुने पूल मी इतके पाहिलेत, इतक्यांच्या पाट्या केल्यात, की सांगायला कोणी नको होतं. ओढा पूर्वी इथून वाहायचा, मागाहून कधीतरी तिकडे सरकला. मी उपटलेली पाटी अगदी बरोबर जागी होती!

मला हसू आवरेना. आत्याचा चेहरा मात्र उतरला.

“हसतेस काय? असं काही सापडलं की कुंपण घालतात ना?”

घालतात. आणि कुंपणावर लावायची पाटीही मीच रंगवते: येथे चूल पेटवण्यास सक्त मनाई आहे. माझं हसू तिथल्या तिथे विरलं.

खड्डा झाकावा म्हणून मी वळले, तर काठावर मास्तर उभे. दुपारी किती माणसं येणार ते विचारायला आले होते. खाली बघत राहिले, मग आल्या वाटेने निघून गेले.

“संपलं,” आत्या म्हणाली. “त्या माणसाला खोटं बोलता येत नाही. मलाच येतं सगळं.”

दुसऱ्या दिवशी साहेब आले. पाटीच्या जुन्या किंवा नव्या जागेजवळ कोणी खणलं की त्यांना बघावंच लागतं. त्यांनी खड्ड्यात डोकावलं, यंत्राकडे पाहिलं आणि मास्तरांना बोलावून घेतलं. “तुम्ही जाणकार. काय आहे हे?”

मास्तर इस्त्रीच्या सदऱ्यानिशी खड्ड्यात उतरले. कमानीवरून हात फिरवला, हळूच, तापलेल्या पोराच्या कपाळावरून फिरवावा तसा. आत्याने माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला.

“गोठा,” मास्तर म्हणाले. “गुरांचा गोठा असणार. अलीकडचाच.” मग घसा खाकरून म्हणाले, “निकृष्ट बांधकाम.” ‘निकृष्ट’ म्हणताना त्यांचा आवाज फाटला.

साहेब मान डोलावून गेले. मास्तरांना वर यायला मीच हात दिला.

“मास्तर,” आत्या म्हणाली.

“इतकी वर्षं मीच चुकत होतो, बाई. पाटी बरोबर होती.”

“मग साहेबांना सांगितलं का नाहीत?”

“कुंपण पडलं की तुमची चूल विझणार. आणि माझ्या पायरीवर कोण येणार?” त्यांनी गुडघ्यावरची माती झटकली. “फक्त एक करा. संडास जरा डावीकडे घ्या. कमानीवर नको.”

आत्याचं सामानाचं कोठार डावीकडेच होतं. संडासाला जागा करायला तिने त्याच दिवशी त्याची भिंत पाडायला घेतली. कमानीवर आम्ही दोघींनी हातांनी माती लोटली. या खडूस म्हाताऱ्याबद्दल मला इतकी माया वाटली की मी हात धुऊन त्यांच्यासाठी चहा ठेवला. तो त्यांनी उभ्याउभ्याच घेतला. शेतापलीकडे त्यांच्या पायरीवर माणसं येऊन बसली होती.