कडुबा एल्डरांच्या हातचा रस

करुणानं लिहिलेल्या दोन पानांतल्या सहा ओळी पाळकसाहेबांनी लाल पेनानं कापल्या, कागद टीपॉयवर ठेवला आणि चहाचा कप उचलला.

तो तिच्या वडिलांचा जीवनवृत्तांत होता. छावणीतल्या ख्रिस्ती मंडळीचे एल्डर, म्हणजे कारभारी, कडुबा त्रिभुवन यांना जाऊन महिना होत होता, आणि रविवारच्या स्मरण-उपासनेत तो वाचला जाणार होता. करुणा शाळेत मराठी शिकवते, म्हणून काम तिच्याकडे आलं. तिनं एकेक तारीख तपासून लिहिलं. जन्म करमाडचा. एसटीत मेकॅनिक. अडतीस वर्षं एल्डर. देवळाची रविवारची साडेआठची घंटा त्यांनी कधी चुकवली नाही. बायकोला मूठमाती दिली त्याच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता, तेव्हाही नाही.

कापलेल्या ओळी त्यापुढच्या होत्या. २००४ साली त्यांच्या मुलीनं, म्हणजे करुणानंच, बौद्ध मुलाशी विहारात लग्न केलं. प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा हक्क असलेल्यांच्या यादीतून तिचं नाव काढायचा ठराव कडुबांनी स्वतः मांडला. आणि बायको वारल्यापासून, म्हणजे २००६ पासून, प्रभुभोजनाचा रस हीच मुलगी करत आली.

"खोटं आहे का यात काही?" करुणानं विचारलं.

"खोटं नाही हो. पण माणसं त्या दिवशी शांती घ्यायला येतात." पाळकसाहेबांनी बिस्कीट बुडवलं. "आणि रसाचं कशाला? लोक समजतात एल्डर करायचे. समजू द्या."

तिचा नवरा बुद्धभूषण दारात उभा होता. "मी तर हिला म्हणलं, माझं नावच घालू नको. कन्नड तालुक्याचा एक माणूस, असं लिही. शेवटचे दोन महिने मामांना उचलून संडासला न्यायचा म्हणावं. तेवढं तरी चालंल ना, साहेब?"

पाळकसाहेबांनी कागद घडी करून खिशात घातला.

महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन. त्याआधीच्या शुक्रवारी कडुबा शहागंजातून काळ्या मनुका आणायचे आणि पिशवी करुणाच्या दाराच्या कडीला अडकवून जायचे. मनुका भिजवायच्या, उकळायच्या, पांढऱ्या फडक्यातून दोनदा गाळायच्या, साखर घालायची नाही. आईची रीत. शनिवारी संध्याकाळी ते बरणीसाठी यायचे. उंबऱ्याच्या आत पाऊल नाही, पाणी नाही. "झाला?" "झाला." दुसऱ्या दिवशी तोच रस चिमुकल्या पेल्यांत भरून, पेल्यांचा ट्रे दोन्ही हातांनी धरून ते बाकांमधून फिरायचे. करुणा चौथ्या बाकावर. ट्रे तिच्या पुढ्यातून शेजारणीकडे जायचा, आणि कडुबांची नजर पेल्यांवरून हलायची नाही.

एकोणीस वर्षं तिनं रस केला, तो एका आशेवर. जो ठराव बापानं मांडला, तो एक दिवस बापच मागं घेईल. देवळातल्या कुणाकडून तिला दुसरं काही नको होतं.

मांडीचं हाड मोडलं तेव्हा ते उंबऱ्याच्या आत आले. उचलून आणावे लागले. ते दोन महिने देवळात विकतचा रस चालला. शेवटच्या आठवड्यात पाळकसाहेब घरी प्रभुभोजन द्यायला आले. कडुबांनी घोटभर घेतलं. पेल्यात उरलं होतं. पाळकसाहेबांनी पेला सहज करुणाच्या बाजूला वळवला, आणि ज्या हाताला चार दिवस चमचा धरता येत नव्हता, तो हात उठला. कडुबांनी पेल्यावर तळवा ठेवला. चौथ्या दिवशी गेले.

ही गोष्ट तिनं वृत्तांतात लिहिली नव्हती. पाळकसाहेबांनाही ती आठवत असावी, कारण निघताना ते चपलेशी घुटमळले.

"करुणाताई, एल्डर होते तोवर मला विषय काढता येईना. आता एक अर्ज द्या. मंडळीपुढे उभं राहून एवढंच म्हणायचं, की लग्नाबाबत चूक झाली, देवानं क्षमा करावी. नाव परत लागेल."

"आणि घरी येऊन यांना काय सांगू? कोणती चूक?"

"मी त्या रविवारी गावाकडं जाईन," बुद्धभूषण म्हणाला. "चुकीनं तिथं बसून काय करायचं?"

"विचार करा," पाळकसाहेब म्हणाले. मग हळूच, "परवा महिन्याचा पहिला रविवार. रस या वेळी..."

"करते."

शुक्रवारी मनुका तिनं स्वतः आणल्या. कडीला पिशवी नव्हती.

रविवारी देऊळ भरलं होतं. नवा एल्डर गोकुळ साळवे, लहानपणी संडेस्कूलला तिच्याच बाकावर बसणारा, यानं वृत्तांत वाचला. कापलेल्या सहा ओळींच्या जागी एक नवी ओळ होती, तिच्या हातची नसलेली: 'प्रभुभोजनाचा रस ते आजन्म स्वतःच्या हातांनी सिद्ध करीत.' पुढच्या बाकांवर दोघीतिघींनी डोळ्यांना पदर लावला. करुणा ताठ बसून राहिली.

मग ट्रे निघाला. पहिला बाक, दुसरा, तिसरा. चौथ्या बाकाशी गोकुळ थांबला. ट्रे पुढं गेला नाही. तो वाकला.

"घे, करुणाताई. पाळकसाहेब म्हणले, आजच्या दिवस देऊ."

"यादीत लावलं का नाव?"

"ते नाय अजून. अर्ज लागतो ना त्याला. आज असंच. तुझ्या पप्पांसाठी."

पेले काठोकाठ होते. रंग दाट उतरला होता, या खेपेला मनुका चांगल्या मिळाल्या होत्या. आजूबाजूच्या माना वळल्या. करुणानं हात पुढं केला, आणि गोकुळनं सुटकेचा श्वास सोडला.

तिनं जवळच्या पेल्यावर तळवा ठेवला. बापानं ठेवला होता तसाच, सपाट, बोटं मिटून.

"पप्पांसाठीच म्हणत असशील तर त्यांना विचार," ती म्हणाली. "पुढं चल, गोकुळ. लोक खोळंबलेत."

मग ट्रे शेजारी सरकला. शेजारच्या मुक्ताबाईंनी करुणानं हात ठेवला होता तोच पेला उचलला, डोळे मिटून घेतला आणि पदराला ओठ टिपले.

"लई दिवसांनी तीच चव बघ, पोरी," त्या कुजबुजल्या. "तुझ्या बापानं जाताना बरणी भरून ठेवली व्हती व्हय?"

"व्हय," करुणा म्हणाली.