तिसऱ्या झेंड्याची जागा

ही गोष्ट २००५ सालच्या संक्रांतीची. गुडगावातल्या एका नव्या सोसायटीच्या हिरवळीवर दृष्टिनाथ महाराजांपुढे दोनशे माणसं श्वास रोखून बसायची. महाराज डोळे मिटून म्हणत, "पार्वती माताजी, आपका पोता झूले के पास है।" लोक धावत जात, तर नातू खरोखरच झोपाळ्यापाशी! अट एकच, गळ्यात महाराजांचा जाडजूड ताईत हवा.

प्रभाताईंनी तो अण्णांच्या, म्हणजे नवऱ्याच्या, गळ्यात बांधला होता. अण्णांना अलीकडे काही आठवत नसे. दार उघडं दिसलं की निघालेच. डॉक्टरांनी कुलूप लावायला सांगितलं होतं. महाराज हसले, "ताला क्यों? मैं देख रहा हूँ ना!" प्रभाताईंनी कुलूप काढलं.

हिरवळीवर हळदीकुंकू रंगलं असतानाच अण्णा नाहीसे झाले.

"टंकी के पीछे। सकुशल हैं," महाराज डोळे मिटून म्हणाले.

टाकीमागे एक मांजर होतं.

"महाराज, नीट बघा हो!"

"टंकी ही है। आपकी श्रद्धा कम है, माताजी!"

प्रभाताई पुन्हा टाकीकडे धावल्या. सून रेवती मात्र हिरवळीच्या कोपऱ्यांतले महाराजांचे झेंडे मोजत होती; तीनांपैकी दोनच दिसत होते.

"तिसरा झेंडा सकाळी इथे होता ना?"

शेजारची हेमलता ओशाळली. "अगं, वाणाचं टेबल कुठे मांडणार? मीच गेटपाशी नेऊन ठेवला. पाया केवढा जड, यार!"

रेवतीनं जवळच्या झेंड्याच्या पायावरचं कापड उचललं. आत बॅटरी आणि छोटी रेडिओपेटी. मग ती तडक महाराजांच्या आसनामागे गेली आणि तिथला पडदा तिनं ओढला. मागे शिष्य लॅपटॉप घेऊन बसलेला, आणि महाराजांच्या कानात वायर!

"आई, हेच काम मी ऑफिसात करते. ताईतात रेडिओ आहे. तो दूर गेला की त्याच्या लहरी क्षीण होतात, त्यावरून प्रत्येक झेंडा अंतराचा अंदाज देतो."

तिनं रांगोळी घेतली, हिरवळीलगतच्या फरशीवर सोसायटीचा नकाशा काढला. लॅपटॉपवरची तीन अंतरं वाचून प्रत्येक झेंड्याभोवती एकेक वर्तुळ काढलं, तिसरं जुन्या जागेऐवजी गेटपासून.

"तिन्ही भेटतात तिथे अण्णा. झेंडा हलला, हे दिव्यदृष्टीला दिसलंच नाही!"

वर्तुळं भेटली ती नव्या टॉवरसाठी खणलेल्या खड्ड्यावर.

प्रभाताई अनवाणी धावल्या. अण्णा खड्ड्याच्या काठावर पाय सोडून बसले होते. "अगं, बस अजून आली नाही," ते म्हणाले.

महाराज त्याच संध्याकाळी पसार झाले. पुढे पानिपतकडे नव्या नावानं दिसले म्हणे. हेमलतानं त्यानंतर सोसायटीतली कुंडीसुद्धा विचारल्याशिवाय हलवली नाही. रेवतीनं अण्णांसाठी तसाच ताईत स्वतः बनवला, पण बजावलं, "गेटपलीकडे थोडं अंतर गेलं की हाही आंधळा." अण्णा आणखी सहा वर्षं सुखात जगले.

प्रभाताई आता नव्वदीला टेकल्या आहेत. कुणी चमत्कार सांगत आलं की त्या जुना ताईत उघडून आतली तार दाखवतात. "देवाला झेंडा लागत नाही. ज्याला लागतो, ते यंत्र. त्याला नमस्कार करू नका, ते कसं चालतं ते विचारा," असं म्हणतात आणि पाहुणा निघाला की दाराला न विसरता कुलूप लावतात.