झाकणावरचा खडू

"काका, आमची गाडी तुम्ही मुद्दाम बिघडवून देता का हो?"

विचारलं एकदाचं! भिंगरीने मागे वळून पाहिलं. रस्त्यापलीकडे तिच्या दोन मैत्रिणी एकाच दप्तराआड तोंड लपवून खिदळत होत्या. मधल्या सुट्टीत त्यांनीच चिथावलं होतं, "एवढी खात्री आहे ना तुला? मग तोंडावर विचारून दाखव. नाहीतर उगाच मिजास मारू नकोस." आणि भिंगरीला कुणी 'दाखव' म्हटलं की संपलंच. त्यात गेल्या महिन्यात वक्तृत्व स्पर्धेत ती पहिली आलेली, तेव्हापासून गळ्यात कर्णा बसवल्यासारखीच बोलायची. त्यामुळे प्रश्न एकट्या मिस्त्रींनी नाही, अख्ख्या गॅरेजने ऐकला.

मिस्त्रींच्या हातातला पाना जागच्या जागी थांबला. बाकड्यावरच्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तिसरा माणूस नुकताच स्कूटर दाखवायला आला होता, तो "येतो मग नंतर" असं पुटपुटत स्कूटर ढकलत चालता झाला.

गाडी म्हणजे आजोबांची मोटारसायकल. बाबांहून वयाने मोठी. आजोबांनी जायच्या आधी चारचौघांत सांगून ठेवलं होतं, पोर अठराची झाली की गाडी तिची. भिंगरीला अठरा व्हायला दोन वर्षं चार महिने होते, पण टाकीवर हात फिरवताना ती मालकिणीच्याच थाटात फिरवायची.

आणि दोन महिन्यांत ही गाडी तीनदा मेली होती. मिस्त्रींकडून फटफटत यायची, दिमाखात घराच्या बोळात उभी राहायची, आणि तीन-चार दिवसांत अशी रुसायची, की किक मारमारून बाबांच्या पोटरीत गोळे यायचे. मिस्त्रींनी आधी प्लग बदलला. मग कंडेन्सर. मग कॉईल. तिसऱ्यांदा ते बाबांना म्हणाले, "कंटाळला असाल तर मला देऊन टाका. मी सांभाळेन." बाबा घरी येऊन म्हणाले, "आता पुन्हा बंद पडली तर रविवारी देऊनच टाकू त्यांना."

भिंगरीच्या मनात पाल चुकचुकली ती तिथेच. गाडी बिघडणार, वैतागून आपण विकणार, आणि घेणार कोण? तर हेच!

मिस्त्री चिडले नाहीत. हात पुसत त्यांनी विचारलं, "इथे कशी चालते गाडी?"

"मस्त."

"आणि घरी?"

"बंद पडते."

"मग बिघडते कुठे?"

 भिंगरीला वाटलं, हा माणूस चिडत का नाही? खरा असता तर ओरडला नसता का? नक्कीच पाणी मुरतंय.

"ये इकडे," मिस्त्री म्हणाले. त्यांनी इंजिनाच्या बाजूच्या गोल झाकणाचे दोन स्क्रू काढले. "हे पॉइंट. ही दोन टोकं उघडतात, मिटतात, तेव्हा प्लगमध्ये ठिणगी पडते. इथे सगळं कोरडं ठणठणीत हवं. या खेपेला गाडी आली तेव्हा इथे काळं चिकट साचलं होतं. मला वाटलं, इंजिनाचं तेल झिरपतंय, म्हणून ते पुसून सीलही बदललं. आता बघ. आहे काही?"

काही नव्हतं. टोकं लखलखीत होती. मिस्त्रींनी प्लग काढून इंजिनाला टेकवला आणि किक मारली. निळी ठिणगी चट्‌ चट्‌ उडाली.

"पिवळट, मरतुकडी पडली की समजायचं, घोळ आहे," ते म्हणाले. "आणि भिंगरी, संशय घ्यायचा तर खुशाल घे. पण डोळे उघडे ठेवून घे."

संध्याकाळी बाबा गाडी चालवत घेऊन आले. बोळाच्या दाराला आतून कडी लागली. डोळे उघडे ठेवायला भिंगरीने मग शिंप्याच्या पोरीला सुचावी अशीच युक्ती केली. बाबांच्या कापायच्या टेबलावरून खुणा करायचा निळा खडू उचलला आणि झाकणाच्या दोन्ही स्क्रूंच्या खाचा त्याने गच्च भरल्या. कुणी पेचकस लावला की खडू भुगा होऊन पडणार. मिस्त्री चोरून आले, तर सापडलेच!

सकाळी दात घासायच्या आधी ती बोळात पळाली.

दोन्ही खाचा रिकाम्या. खाली फरशीवर निळी भुकटी.

दाराची कडी मात्र जशीच्या तशी.

 म्हणजे चोर बाहेरून आलाच नव्हता. घरात माणसं किती? ती स्वतः, बाबा आणि आई. आणि या गाडीवर राग कुणाचा? येता-जाता साडीला डाग पडतो म्हणून रोज कुरकुर कोण करतं?

ती स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली. आई चहा गाळत होती.

"आई, पेचकस कुठे असतो गं आपला?"

"मला काय माहीत? तुझ्या बाबांच्या खणात असेल."

"नक्की माहीत नाही?"

"सकाळी सकाळी काय पोलिसासारखी उलटतपासणी चालवलीस? तोंड धू आधी."

"तुला आजोबांची गाडी नकोच आहे ना?"

आईने गाळणी खाली ठेवली. "तुझ्या आजोबांनी मला पहिल्यांदा माहेरी सोडलं ते त्याच गाडीवर. डाग पडतो म्हणून बोलते. गाडी नको असं कधी म्हटलं गं मी?"

भिंगरीचा चेहरा पडला. ती बोळात परतली, बाबांच्या खणातून पेचकस आणला आणि झाकण काढलं. काल कोरड्या असलेल्या पॉइंटवर तेल होतं. पण मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये असतं तसं काळं नव्हे. पाण्यासारखं नितळ. तिने बोटाला लावून हुंगलं. हा वास तर ती पाळण्यात असल्यापासून ओळखत होती.

तेवढ्यात पुढच्या खोलीतून आवाज आला. टुक-टुक. टुक-टुक. बाबा शिलाई मशीनच्या एकेका भोकात कुपीने तेलाचा थेंब सोडत होते. रोज सकाळचं पहिलं काम. त्याआधी ते धंद्याला हातच लावत नसत.

काखेत कळसा आणि गावाला वळसा!

"बाबा," भिंगरी दारातून म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज लहान निघाला, "तुम्ही गाडीच्या पॉइंटवरही तेल घालता?"

"घालतो की. दोन महिने झाले, ती घरी असली की रोज सकाळी," बाबा कौतुकाने म्हणाले. "आजोबा घालायचे ना तिथे थेंब. मी पाहिलंय लहानपणी."

"अहो, मिस्त्री म्हणाले तिथे सगळं कोरडं लागतं! तेल जळतं, काळं होतं, ठिणगी मरते. आजोबा नेमका कशावर घालायचे?"

बाबा आठवत राहिले. "आत एक लोकरीचा तुकडा असतो... त्यावर असेल. वर्षातून एखादा थेंब." कुपी त्यांच्या हातात तशीच राहिली. "मला त्या गाडीतलं दुसरं काही येत नाही गं. तेवढंच येतं. वाटलं, तेवढं तरी आपल्या हातून नीट व्हावं."

आई चहा घेऊन आली आणि सगळं ऐकून कपाळावर हात मारून म्हणाली, "तीन वेळा! आणि ते बिचारे मिस्त्री भाग बदलतायत!"

भिंगरीच्या डोळ्यांसमोर स्कूटर ढकलत निघून गेलेला तो माणूस आला. तिने कापडाची एक स्वच्छ पट्टी घेतली, पॉइंटच्या दोन टोकांमधून ओढली, दुसरी घेतली, पुन्हा ओढली. कोरडी येईपर्यंत सात पट्ट्या लागल्या. मग प्लग काढून इंजिनाला टेकवला. बाबांनी किक मारली.

निळी!

प्लग जागेवर बसला आणि पुढच्या किकला बोळ दणाणला. आईने कान झाकले, पण हसत होती.

"ऐका," भिंगरी इंजिनावर आवाज चढवून म्हणाली. "मी ठरवलंय. गाडी रविवारी विकायची नाही. आज संध्याकाळी गॅरेजमध्ये गर्दी असेल तेव्हाच मी जाणार, आणि काल जेवढ्या मोठ्याने विचारलं तेवढ्याच मोठ्याने सांगणार, की चूक आमच्या घरची होती. त्या स्कूटरवाल्याचं घरही शोधून काढणार. आणि मिस्त्रीकाकांनी हाकललं नाही, तर दर शनिवारी शाळा सुटली की त्यांच्याकडे काम शिकायला बसणार. बाबा, तुम्ही आज माझ्याबरोबर यायचं. कुपी घरी ठेवून."