पेज आणि उमेबोशी

बरणीचं झाकण फिरवताना चंद्रशेखरांना ते पत्र पुन्हा आठवलं. हिवाळ्यात आलेलं. आता आखातातल्या सहम गावच्या बागांतले खजूर पिवळे पडू लागले होते, तरी उत्तर गेलं नव्हतं.

शेजारचे जपानी इंजिनिअर ओकामोतो मायदेशी परतले आणि वर्षभरात वारले. त्यांनी शेवटच्या घातलेल्या उमेबोशींची, म्हणजे खारवलेल्या आंबट फळांची बरणी त्यांच्या बायकोनं, हारुएनं, पाठवली होती. सोबत साध्या इंग्रजीत लिहिलं होतं : 'माझ्याकडची बरणी उघडायचा धीर होत नाही. तुम्ही खाऊन बघा आणि कशा लागल्या ते कळवा.'

चंद्रशेखरांनी पहिली उमेबोशी आवळ्यासारखी अख्खी तोंडात टाकली होती. कान गरम झाले. पुढच्या चार फळांवर बायकोनं, कलावतीनं, लोणचंच ते म्हणून, मोहरी-हिंगाची फोडणी ओतली. तीही वाया गेली. 'अप्रतिम' असं लिहून त्यांनी किती तरी कागद फाडले. खोटं लिहवत नव्हतं आणि खरं लिहायचं धाडस नव्हतं.

बाहेर समुद्रावरून धुकं आलं होतं. खजुराची झाडं पाण्याखाली उभी असल्यासारखी दिसत होती. कलावतीनं बरणीतली एक उमेबोशी काढून त्यांच्या पेजेत मधोमध ठेवली.

"परत?"

"जरा जरा मोडून घ्या हो. ती दोघं अशीच खायची, मऊ भातात."

फळाभोवती पेज गुलाबी होत गेली. आंबटपणा ताप उतरावा तसा हळूहळू जिभेवर आला. चंद्रशेखरांनी डोळे मिटले. समोरच्या गच्चीवर ओकामोतो ओणवे होऊन जबल अख्दर डोंगरावरच्या हिरव्या जर्दाळूंना ऊन दाखवत होते. उमेबोशीसाठी इथे त्यांना तेवढेच मिळायचे. एकेक फळ झोपलेल्या मुलाची कूस बदलावी तसं उलटत होते.

"छान लागतंय," चंद्रशेखर म्हणाले. "पण खारट आहे."

"असणारच. हारुए खालून ओरडायची ना, मीठ कमी घाला म्हणून. ऐकलं कधी त्यांनी? तुमच्यासारखेच."

"मी काय केलं?"

"पेज निवतेय."

पेज तशीच ठेवून त्यांनी कागद ओढला. 'भाताच्या पेजेबरोबर खाल्ल्या. फार आवडल्या. मीठ मात्र जास्त झालंय.' शेवटची ओळ खोडायला त्यांनी पेन टेकवलं, मग उचललं.

पोस्टाच्या पेटीत पाकीट अर्धं सरकवून ते तसेच उभे राहिले.

"यल्ला, चाचा, आटपा," मागून कुणी तरी म्हणालं.

त्यांनी बोटं सैल केली.