आईच्या खोलीत बुटांसकट

कोटांच्या कारखान्यात रफूचं खातं अगदी मागच्या अंगाला होतं, उत्तरेच्या खिडक्यांपाशी. तिथल्या उजेडात काळा धागा आणि गडद निळा धागा एकमेकांची सोंगं घेऊ शकत नाहीत, म्हणून रफूवालीने ते टेबल मागून घेतलेलं. कसर लागलेली बाही, खिळ्याला अडकून फाटलेला खिसा, सिगारेटने भोक पडलेली कॉलर तिच्यापुढे यायची आणि अशी परत जायची, की आपण कधी फाटलो होतो हे त्या कोटालाही आठवू नये.

काम करता करता ती हसायची. ओठांच्या कोपऱ्यात, स्वतःपुरतं. एवढाच तिचा गुन्हा.

कारखान्याच्या फाटकावर 'आपण सगळे एक कुटुंब' असं लिहिलेलं होतं आणि कुटुंबात दारं कशाला हवीत, असं साहेबांचं म्हणणं होतं. म्हणून त्यांनी एक मनकवडा नोकरीला ठेवला. तसा माणूस सज्जन. गळ्यात ओळखपत्र, पायात चकचकीत बूट. खुर्चीत बसून डोळे मिटायचा आणि ज्याच्या म्हणाल त्याच्या मनात शिरायचा. कुणाला साहेबांचा राग येतो, कुणाला घरी जाऊन झोपावंसं वाटतं, सगळं साहेबांच्या कानावर घालायचा. एकदा चुकून साहेबांच्याच मनात गेला होता. लगेच बाहेर आला. बसायला जागा नव्हती म्हणाला, सगळीकडे साहेबच.

"ती रफूवाली हसते," एक दिवस साहेब म्हणाले.

"कशाला?"

"तेच तर! आपण हसण्यासारखं काही केलेलं नाही. कामाच्या वेळात खाजगी समाधान, म्हणजे काय ते बघून या."

मनकवड्याने डोळे मिटले. रफूवालीच्या मनाला कुलूप नव्हतंच, कुणी येईल असं तिला कधी वाटलंच नव्हतं. आत एक खोली होती. खिडकीशी चटई, चटईवर आई. आईसमोर एक लहान मुलगी दोन्ही हात पुढे धरून बसलेली, मनगटांवर लोकरीची लड. आई लडीतून धागा ओढत होती, गोळा गुंडाळत होती आणि गुंडाळण्याच्या तालावर गुणगुणत होती:

गुंत्यावर चिडू नये,
धाग्याला गं ओढू नये,
टोक आपणहून ये,
हळूहळू.

बाहेर कुठे तरी कबुतर घुमत होतं. मुलीच्या केसांना साबणाचा वास होता. बस्स, एवढंच. आई जगातून गेल्यावर मुलीकडे जे उरतं, ते बहुतेक एका खोलीत मावतं.

मनकवड्यांचा एकच नियम असतो: आत गेल्यावर कशालाही हात लावायचा नाही. आमच्या मनकवड्याने तो आजवर पाळला होता. पण मुलीचे हात जरा खाली आले, तशी आईने मान वर न करताच म्हटलं, "धर जरा." आता आईच्या आवाजात कुणी 'धर जरा' म्हटलं, तर काय करायचं, हे त्याला प्रशिक्षणात कुणी शिकवलं नव्हतं. त्याने मुकाट्याने हात पुढे केले. मुलगी ती मुलगीच, तिने चटकन लड त्याच्या मनगटांवर सरकवली आणि पाय पसरून बसली.

डोळे उघडून तो साहेबांकडे गेला, तेव्हा तेच गाणं गुणगुणत होता.

"वा!" साहेब म्हणाले. "काय शब्द आहेत! चिडू नये, ओढू नये. हे आपलं कामगार धोरणच आहे. फक्त शेवट चुकलाय. हळूहळू? कारखान्यात?"

दोन दिवसांत प्रत्येक खात्यात रंगीत फलक लागला. पहिल्या तीन ओळी जशाच्या तशा. खाली लाल अक्षरांत: 'झटाझट.' त्याखाली साहेबांची सही.

रफूवालीने फलक वाचला आणि तिला आधी लाजच वाटली. आपण भान विसरून मोठ्याने गायलो की काय? मग तिने सुई हातात घेतली, रोजच्यासारखी मनातल्या खोलीत गेली, आणि सुई सरळ बोटात घुसली.

चटईवर मनकवडा बसला होता. बुटांसकट. गळ्यात ओळखपत्र, मनगटांवर लोकरीची लड. समोर आई गोळा गुंडाळत होती आणि म्हणत होती, 'टोक आपणहून ये, झटाझट.'

"ताई, अगं रक्त!" शेजारच्या टेबलावरून इस्त्रीवाली ओरडली. "कोटाला लागेल ना!"

"माझी आई चुकीचं गातेय."

"तुझी आई? अगं, त्यांना जाऊन किती वर्षं झाली?"

"म्हणून तर. आता मी दुरुस्त कुणाकडून करून घेऊ?"

इस्त्रीवालीला सगळं सांगून झालं, तेव्हा तिने इस्त्री उभी करून ठेवली आणि मनकवड्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. "माझ्या मनातही आला होता मेला. मी त्या वेळी नवऱ्याला शिव्या घालत होते, दोन मिनिटांत पळाला. तुझ्याकडे बरा रमला! जा, साहेबांना सांग."

रफूवाली गेली. साहेबांनी तिला बसायला खुर्ची दिली, कारण ऐकून घेण्याचा तो भाग त्यांना चांगला जमायचा.

"बाई, त्याने काही नेलं का?"

"नाही."

"काही मोडलं?"

"माझी आई झटाझट म्हणतेय, साहेब."

"म्हणजे आईसुद्धा काळाबरोबर चालल्या! अहो, तुमच्या मातोश्रींचा आवाज आज अख्ख्या कारखान्यात पोचला. लोक यासाठी जन्मभर धडपडतात. आणि खरं सांगू? मनात लपवण्यासारखं काही नसेल, तर माणसाने घाबरावं कशाला?"

"लपवलं नव्हतं," ती म्हणाली. "ठेवलं होतं."

साहेबांना यातला फरक कळला नाही. त्यांनी 'विचार करतो' म्हटलं आणि जेवायला गेले.

त्या दिवसांत रफूवाली हसेना. साहेबांना ते काम सुधारल्याचं लक्षण वाटलं. ती खोलीत जायचंच टाळू लागली. पण आईपासून लांब राहायचं, तेही आईच्या घरात कुणी परका बसलाय म्हणून, हे किती दिवस जमणार? चहाच्या सुट्टीत तिला राहवलं नाही. तिने डोळे मिटले, आईला बघितलं. त्याच क्षणी पलीकडच्या टेबलावर खळकन आवाज झाला. मनकवड्याच्या हातातला कप खाली पडला होता आणि त्याचे दोन्ही हात छातीसमोर सरळ उभे, कुणी लड अडकवावी तसे.

तिने डोळे उघडले. हात खाली आले. तिने पुन्हा आई आठवली. हात वर.

"अगं बाई!" इस्त्रीवाली म्हणाली. "हा तर बाहुला झाला!"

मग काय विचारता. रफूवालीने सकाळी आठवण काढली, तर मनकवड्याला शर्टाची बटणं लावता येईनात, बायकोने लावून दिली. जेवताना काढली, तर बायकोनेच भरवलं. "लग्नात एवढे लाड केले नव्हते तुझे," ती म्हणाली म्हणे. साहेबांनी बैठकीत त्याला बोलावलं, तो दोन्ही हात पुढे करून आत शिरला, साहेबांना वाटलं मिठी मारतोय. कुटुंबच असल्यामुळे नाही म्हणता येईना.

कारखाना खदखदून हसत होता. हसत नव्हती ती रफूवाली. कारण दर वेळी त्याचे हात वर करायचे, तर आधी त्या खोलीत जावं लागे, त्याचे बूट बघावे लागत आणि ते 'झटाझट' ऐकावं लागे. त्याला शिक्षा करता करता तिचीच आई झिजत होती. गाण्याचा सूर फलकासारखा सपाट होत चालला होता. साबणाचा वास गेला होता, तिथे बुटाच्या पॉलिशचा येत होता.

शेवटी मनकवडा स्वतःच तिच्या टेबलापाशी आला.

"ताई, खांदे गेले माझे. मला सोडा."

"मी कुठे धरलंय? तूच बसलायस."

"अहो, उठता येत नाही. मी दार शोधलं. तिथे दारच नाही."

"आलास कुठून मग?"

किती तरी मनांत तो गेला होता, पण कुठूनसा, असाच, भिंतीतून ओल यावी तसा.

"तिथे काय काय आहे, तुला माहीत आहे?" रफूवालीने विचारलं. तिचा आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता. "कबुतर आहे. ते दिसत नाही, फक्त ऐकू येतं. चटईची एक कड उसवलेली आहे. मी आईचं सगळं विसरत चालले, तिचा चेहरासुद्धा कडेने पुसट झालाय. ही एक खोली अख्खी होती. एकाही माणसाला मी ती दाखवली नाही, नवऱ्यालासुद्धा नाही. आणि तू बूटसुद्धा काढले नाहीस."

तिच्या आठवणीने मनकवड्याचे हात पुन्हा छातीसमोर वर आले होते. इस्त्रीवालीची इस्त्री हवेतच थांबली होती.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "पण आता काय करू?"

"मला काय माहीत? मी काय मनकवडी आहे?" तिने सुईत धागा ओवला. गाठ मारता मारता थांबली. कापडात काही चुकीचं विणलं गेलं, तर ती ओढत नसे. जिथून शिरलं, तिथपर्यंत मागे जायची. "येताना जे केलं नाहीस, ते आता कर. विचार."

"काय विचारू?"

"लोक दारात उभं राहून काय विचारतात?"

हात वरच होते, म्हणून त्याने आधी टाचेने टाच दाबून बूट काढले. मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं, ते रफूवालीला दिसलं, पण ती काही बोलली नाही. मग घसा खाकरून, शाळेतल्या मुलासारखं, त्याने विचारलं:

"आत येऊ का?"

सगळं खातं थांबून ऐकत होतं.

"नको," रफूवाली म्हणाली.

त्याचे हात एकदम खाली आले, लोंबकळले. तो घटकाभर ते हात बघत राहिला, मग बूट हातातच घेऊन निघून गेला.

ही पद्धत कारखान्यात अशी पसरली, की साहेबांना परिपत्रक काढावं लागलं: यापुढे मनकवडा आधी विचारेल. मनकवडा खात्याखात्यांतून विचारत फिरला. शिवणखातं नको म्हणालं, कापणीखातं नको म्हणालं, आणि इस्त्रीवाली जे म्हणाली ते परिपत्रकात घेण्यासारखं नव्हतं. फक्त साहेब म्हणाले, "या, या!" पण तिथे जागेची अडचण होतीच. फलक मात्र उतरले नाहीत. सही होती ना.

संध्याकाळी टेबल आवरायच्या आधी रफूवालीने डोळे मिटले. जायला ती भीत होती. खोलीत चटई होती. चटईवर बुटांचे दोन मळके ठसे होते, ते काही गेले नाहीत. लड जमिनीवर पडून गुंतली होती. मुलीने ती उचलली, मनगटांवर घेतली, हात पुढे केले.

"कोण होतं गं?" आईने विचारलं.

"कुणी नाही, आई. न विचारता आलं होतं."

आईने धागा धरला. 'गुंत्यावर चिडू नये, धाग्याला गं ओढू नये, टोक आपणहून ये...' आणि तिथे ती अडखळली. पुढचा शब्द तिला आठवेना. बाहेर कबुतर घुमायला लागलं. आई लेकीकडे बघत राहिली, लेकीने वाट बघितली, आणि मग जे आजवर नुसतं ऐकलं होतं, ते पहिल्यांदाच स्वतः म्हटलं:

"हळूहळू."