हवेतून उपसलेली ऊब

तुम्ही मानणार नाही. मानूही नका, कारण एकदा मानलंत की सांगण्यात मजा राहत नाही. पण ऐन पौषात, आपल्या सानगडीत, हेमराजभाऊच्या राइस मिलमागं एका टिनाच्या खोलीत कंबरभर बर्फ पडला होता. मी, आसाराम, स्वतः फावड्यानं ओढलाय तो.

बाजाराच्या दिवशी रुपाच्या टपरीवर मी एवढं म्हटलं की बाकावरचे लोक आपोआप सरकून जागा करतात. रुपा चहात आलं ठेचत म्हणाली, "आजा, आज कंबरभर? मांगच्या बाजारी तं गुडघाभर होता."

"थंडीत बर्फ वाढतेच ना बाई," मी म्हणालो आणि पुढं निघालो.

तर झालं असं. माझी बायको, बायाबाई. आम्ही ढिवर, तिचा अर्धा जन्म तलावात गेला आणि अर्धा बाजारात मासे विकण्यात. पावसाळा सरता सरता ती तलावाच्या पाळीवरून घसरली आणि मांडीचं हाड मोडलं. भंडाऱ्याला ऑपरेशन झालं, हाड जुळलं, पण पाय लाकडासारखा झाला. जमिनीवर टेकवला की जीव कळवळायचा. डॉक्टर म्हणाले, छातीभर कोमट पाण्यात चालवा. पाणी अंगाचं ओझं उचलतं, ऊब सांधे मोकळे करते. थंड पाण्यात मात्र नको, पाय आणखी आखडेल. आणि हिवाळाभरात पाय सुटला नाही, तर मग कायमची कुबडी.

"कुबडी घेऊन मासोळ्यांची पाटी कोन उचलते?" बायाबाई म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून निजली. लग्न झाल्यापासून ती माझ्याशी भांडली नाही असा तो पहिलाच दिवस. मला जेवण गेलं नाही.

छातीभर पाणी होतं हेमराजभाऊकडं. मिलमागं त्यानं नातवंडांसाठी पोहायची टाकी बांधली होती, पण दिवाळीनंतर तिच्यात बेडूकही उतरत नव्हता. हेमराजभाऊ बायाबाईच्या हातची मरळ खाऊन लहानाचा मोठा झालेला. म्हणाला, "काकी, पानी मी ऊन करतो. मशीन असंही घ्याचीच होती."

मग नागपूरहून मशीनवाल्या कंपनीची तृप्ती म्याडम आली. मशीनचं नाव हीट पंप. हेमराजभाऊनं तिला खुर्ची दिली आणि आपल्याकडचा कोणताही शेतकरी विचारेल तेच विचारलं, "किती एचपीचा लागन?"

"भाऊ, हा पाणी उपसायचा पंप नाही. आधी टाकी मोजू द्या."

तिनं लांबी घेतली, रुंदी घेतली, खोली घेतली. इथं पहाटे थंडी किती पडते, वारा कुठून येतो, पाणी किती गरम हवं, सगळं विचारलं. मग म्हणाली, "पोहणाऱ्यांना अठ्ठावीस अंश पुरतात. काकूंना बत्तीसच्या आसपास लागेल. म्हणजे मशीन जरा मोठीच घ्या. लहान घेतली तर दिवसरात्र धापा टाकेल आणि थंडीच्या लाटेत हरेल."

"आन हे पानी तापवते कशी? आत चूल हाय का?" मी विचारलं.

"चूल नाही, काका. तुमची मोटर विहिरीतून पाणी खेचते ना, तशी ही हवेतून ऊब खेचते. पंखा हवा आत ओढतो, नळ्यांतला गॅस तिच्यातली ऊब शोषून घेतो, कॉम्प्रेसर त्या गॅसला दाबून तापवतो आणि ती ऊब पाण्याला मिळते. उरलेली थंड हवा बाहेर."

"पौषातल्या हवेत ऊब?"

"असते ना. साधा रॉड एक युनिट वीज खातो आणि एकाच युनिटाची ऊब देतो. ही एक युनिट खाऊन चार-पाच युनिटांची देते. थंडी वाढली तर थोडी कमी."

मी उठून उभाच राहिलो. जन्मभर मी लोकांवर फेकून राहिलो, पण चेहऱ्यावरची रेघ न हलवता इतकी मोठी थाप मारणारं माणूस पहिल्यांदा भेटलं. हात जोडून म्हणालो, "बाई, तुमचं गाव कोन्तं? मले तिथं शिकाले पाठवा."

तर ती हसली आणि आणखी सांगू लागली. क्लोरीनचं पाणी तांबं खातं, म्हणून पाणी फिरतं तिथली नळी टायटॅनियमची घ्या. हवेकडच्या नळ्या तांब्याच्या चालतात. रात्री टाकी झाका, निम्म्याहून जास्त ऊब वरूनच उडून जाते. आणि मशीनभोवती जागा मोकळी सोडा.

मशीन उघड्यावर बसली. कंपनीचं झाकण येईपर्यंत हेमराजभाऊनं धानाच्या ढिगावरची ताडपत्री टाकीवर ओढली. पाणी काही चहासारखं झटकन तापलं नाही, दोन-तीन दिवस घेतले. मग आमच्या नातीला, खुशीला धरून बायाबाई लुगड्यासकट आत उतरली.

"कसं वाटते?" मी काठावरून विचारलं.

"मासोळी नाही, गाळ नाही, वास दवाखान्याचा. याले पानी म्हणतेत?" ती म्हणाली. पण बाहेर काही येईना. आठवड्यात गुडघा वाकू लागला आणि ती पुन्हा मला शिव्या देऊ लागली. मला भूक लागली.

अन् तिथंच माशी शिंकली. नळ्या तांब्याच्या, हे हेमराजभाऊच्या कानात अडकलं होतं. आपल्याकडं शेतातली मोटर कुणी उघडी ठेवतं का? सकाळी वायर चोरीला जाते, दुपारी मोटर. त्यानं मशीनभोवती टिनाची खोली ठोकली, वर छप्पर, समोर दार, दाराला कडी. तृप्ती म्याडमनं मोकळी जागा सोडायला सांगितली होती, ती त्यानं सोडली. खोलीच्या आत.

"मंग?" रुपानं गाळणी तशीच धरून विचारलं.

मग रोज पाणी थोडं थोडं गार. मशीन घरघरते आहे, पंखा फिरतो आहे, आणि पाणी गार! बायाबाईनं पाय घातला आणि काढून घेतला. पाय पुन्हा आखडू लागला. काठावर घोंगडं घेऊन बसली आणि हळूच म्हणाली, "मले घरी घेऊन चला. आता नाही येत मी." हेमराजभाऊ तृप्ती म्याडमला फोन लावून राहिला, तर लागेना.

आता ऐका. मी त्या खोलीकडं गेलो. टिनाच्या फटीतून असा गार वारा, की मिशी कडक झाली. आणि डोक्यात उजेड पडला: अरे, ही मशीन स्वतःनंच सोडलेली थंड हवा पुन्हा ओढून राहिली! तिच्यातली ऊब तर कधीच काढून झालेली. कोरड्या विहिरीत मोटर चालवल्यासारखं झालं हे. मी मागं सरलो आणि दाराला अशी लाथ हाणली की कडी लाखनीच्या रस्त्यावर जाऊन पडली. आत बर्फ कंबरभर! मिलचं मांजर उंदरामागं धावता धावता घसरलं, तर उंदरानंच त्याला हात दिला. मी फावडं घेतलं, बर्फ ओढला, टिनं उपटली, भोवती नुसती जाळी लावली. दोन दिवसांत टाकीवर वाफ! तेव्हा बायाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, तुमी होते म्हणून...

मागं मासोळ्यांची पाटी धपकन खाली ठेवल्याचा आवाज आला.

"खोटं! खुशीच्या आज्या, साफ खोटं!" बायाबाई कमरेवर हात देऊन उभी होती. "लाथ कोनं मारली? तुमी तं त्या वक्ती धानाच्या पोत्यावर घोरून राह्यले होते! मीच उठली, टिनाले धरत धरत एकटी गेली. त्या घरघरीनं डोस्कं उठवलं होतं, मले तं मशीन बंदच कराची होती. दार उघडलं, भायेरची हवा आत शिरली अन् तिचा आवाजच मोकळा झाला. आन बर्फ कायचा? नळ्याइवर मिठावानी पांढरं होतं, नखानं निघालं! सांगा ना यायले, कोन चालत गेलं ते! काठी बी नव्हती माह्या हातात!"